सोवळ्याची खोली

तुमच्या आत्याने पाठवलेला माझा फोटो तुम्ही तिकडे फ्रीजवर लावला आहे, असं तुमच्या आईने सांगितलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, तोंडावर मास्क, फक्त चष्मा आणि दोन डोळे. धाकटीने फोनवर विचारलं, "आजी, तू या वयात ऑपरेशनं करायला लागलीस का?" थोरल्याला मात्र मागे स्टीलच्या पेटीशी उभी असलेली मुलगी दिसली होती. ती कोण, आणि कॅमेऱ्याकडे का बघत नाही, असं त्याने विचारलं. आवाज नीट येत नाही असं सांगून मी फोन ठेवला. आवाज नीट येत होता.

तुम्ही दोघेही आता मोठे आहात, तेव्हा लिहूनच सांगते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, मलाही ते जड गेलं नसतं. पण या सगळ्यात एक मराठी शब्द आहे. इंग्रजीत तो 'प्युअर' किंवा 'क्लीन' होतो, म्हणजे अगदी निरुपद्रवी होतो, आणि मीही त्याच्याबरोबर सुटते. एकदा मी तशी सुटले आहे. ते पुढे येईलच. अडेल तिथे बाबांना विचारा.

तुमची आत्या म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. पुण्याला भिंगांच्या कारखान्यात बरीच वर्षं काढून ती परत आली आणि मालवणजवळच्या कट्टा गावाच्या पुढे एक बंद पडलेली काजूची फॅक्टरी तिने भाड्याने घेतली. त्या शेडच्या भिंतींना अजून काजूच्या टरफलांच्या धुराचा वास आहे. शेडच्या पोटात तिने दुसरी खोली बांधली, काचेची आणि पांढऱ्या पत्र्याची. आत येणारी हवा गाळून येते. डोळे तपासायच्या यंत्रात बसणारी बारीक भिंगं इथे धुतात, धातूच्या कड्यांत बसवतात आणि डब्यांत बंद करून पाठवतात. भिंगावर धुळीचा एक कण राहिला तरी ते परत येतं. आमच्याकडे चिऱ्याची लाल धूळ पापण्यांवरसुद्धा बसते, त्यामुळे सुरुवातीला पुष्कळ भिंगं परत आली.

यंत्रांबरोबर आलेल्या सूचना इंग्रजीत होत्या. कामावरच्या मुली मराठी शाळांत शिकलेल्या. "मावशी, तू साध्या मराठीत करून दे आणि मुलींना समजावून सांग. तुझ्यासारखं नीट कुणी करणार नाही," असं आत्या म्हणाली. मला नीटनेटकेपणाचं कौतुक केलेलं फार आवडतं, हे तिला ठाऊक आहे. दुपारची रिक्षा करून मी जायला लागले.

फोटोतली ती पेटी म्हणजे अल्ट्रासॉनिक बाथ. स्टीलची टाकी, खाली हीटर, आणि तळाला असं काही बसवलेलं की सुरू केलं की पाणी आतल्या आत थरथरतं. पाण्यात डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात. फुटताना ते भिंगावरचं तेल आणि पॉलिशचा मळ खरवडून काढतात. आवाज माणसाला ऐकू येण्यापलीकडचा आहे असं पुस्तकात लिहिलं होतं, पण टाकी चालू झाली की खोलीत रातकिडा शिरल्यासारखी किरकिर येतेच. चालू टाकीत बोट घालायचं नाही. भिंगं तळाला टेकवायची नाहीत, जाळीच्या टोपलीत ठेवायची. आणि सगळ्यात मोठा नियम असा की मळ काढणारं अल्कोहोल टाकीत ओतायचं नाही. टाकीत पाणी. अल्कोहोल थोडंसं, काचेच्या बीकरमध्ये, वर झाकण, आणि तो बीकर कोमट पाण्यात सोडायचा. अल्कोहोल थेट तापवलं तर वाफ भरते, आणि वाफेला ठिणगी पुरते.

हा नियम मुलींच्या गळी उतरेना. बीकर आणि टाकी हा दुहेरी खटाटोप कशाला, असं त्यांना वाटायचं. मग मी म्हटलं, "थंडीत खोबरेल थिजलं की बाटली चुलीवर ठेवता का?"

"नाय बाई, ऊन पाण्यात उबी करतंव."

"मग हे तेच."

"मगे बाई, माझी तेलाची बाटली पण ऱ्हवात हेच्यात," असं मालवणहून येणारी पॅकिंगवाली म्हणाली आणि सगळ्या हसल्या. ती चाळिशीतली, दोन मुलांची आई, मासेमारांच्या घरातली. तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. पण त्या दिवसापासून टाकीत कुणी अल्कोहोल ओतलं नाही, आणि आपल्याला दृष्टान्त चांगले सुचतात असं मला वाटायला लागलं.

खोलीत जायचे नियम शिकवणं याहून अवघड होतं. केसांना तेल नको, गजरा नको, टिकली नको, पावडर नको. सूट घालून बाहेर यायचं नाही, आणि आलं तर तसंच परत आत जायचं नाही. मुली मान डोलवायच्या आणि फोन वाजला की सूटसकट अंगणात. एकदा तर एक जण सूटच्या टोपीवर अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, माळून उभी. कणांचा आकार, गाळलेली हवा, सगळं सांगून झालं. शेवटी मी म्हटलं, "तुमच्या घरी नैवेद्याचा स्वयंपाक करताना आजी सोवळ्यात असते ना? सोवळ्यात असली की ती कुणाला शिवते का? बाहेर जाऊन तशीच परत चुलीशी येते का? ही खोली म्हणजे आपलं सोवळं समजा."

जादू व्हावी तसं झालं. कुणी दाराच्या कडीला कोपर लावेना. चिकट कागदाच्या पायपुसण्यावर दोन्ही पाय टेकवल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकेना. फोन वाजला की आतून ओरडायच्या, "सोवळ्यात आसंय गो, मगे करतंय." परत येणारी भिंगं कमी झाली. आत्याने मला मिठी मारली. मी घरी येऊन माझ्या वळणदार अक्षरात पाटी लिहिली आणि कट्ट्याच्या बाजारात तिच्यावर प्लास्टिक चढवून घेतलं. 'ही सोवळ्याची खोली आहे. शुद्धता पाळा.' कपडे बदलायच्या खोलीत, आतल्या दारावर, ती मी स्वतः लावली. थोडी तिरकी लागली होती म्हणून काढून पुन्हा लावली.

आता त्या मुलीबद्दल. ती आतल्या एका गावातून एसटीने येते. घरी भात आणि काजू. रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेली, म्हणून आत्याने तिला टाकीवर ठेवलं. काम तिच्या हाताला लगेच बसलं. आत्याने तिला सांगून ठेवलं होतं, "पावसाळा संपेपर्यंत बघू, मग कायम करू." कायम झाली तर घरचे वर्षभर लग्नाचा विषय काढणार नाहीत, असं तिने एकदा डबा खाताना सांगितलं. नाही झाली तर काय, हे तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. कणकवलीचं एक स्थळ येऊन गेलं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं.

पण ती मधेच नांगी टाकायची. बरेच दिवस छान काम करणार आणि मग दोन-तीन दिवस पाठ दुखते, डोकं दुखतं म्हणून यायचीच नाही. आली तर म्हणायची, "बाई, आज मी बाहेर पॅकिंगला बसते." मग टाकीवर दुसरी कुणी बसायची. बीकरवर झाकण ठेवायला विसरायची किंवा भिंगं सावकाश बाहेर काढायची. अल्कोहोल भिंगावरच वाळून डाग पडायचे, आणि सगळं पुन्हा धुवावं लागायचं.

"हुशार आहे गं मावशी, पण भरवशाची नाही," आत्या म्हणाली.

"शिस्त नाही," मी म्हटलं. एवढं म्हणून थांबले असते तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी तिला नियमितपणावर ऐकवलं. मी शिकवत होते तेव्हा अंगात ताप असतानाही वर्गात जायचे, वगैरे. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "चुकलं, बाई." पॅकिंगवाली काहीतरी बोलणार होती. त्याऐवजी तिने टेप कराकरा ओढली.

गणपती झाल्यावर भिंगं घेणाऱ्या कंपनीची दोन माणसं खोली बघायला येणार होती, एक पुरुष आणि एक बाई, दोघं दक्षिणेकडची. टाकी कशी चालते ते ती नीट बघणार होती. ते काम त्या मुलीचंच होतं, आणि तेही बघून तिच्या कायम होण्याचं ठरवीन, असं आत्याने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी तिथे इंग्रजी बोलायला.

पाहुणे ऑफिसात शहाळं पीत होते. मी कपडे बदलायच्या खोलीत गेले तर ती बाकावर बसलेली, साध्या कपड्यांत. घडी न मोडलेला सूट मांडीवर.

"अजून तयार नाहीस?"

"बाई, आज मी पॅकिंगला बसू?"

"आज?"

"पोटात दुखतंय."

"तुझं दर वेळी काहीतरी दुखतंच," मी म्हटलं. मला ते शब्द जसेच्या तसे आठवतात, म्हणून लिहिते.

रोजच्यासारखे भरलेले डबे आतून आणायला पॅकिंगवाली सूटमध्ये एक पाय घालून उभी होती. ती म्हणाली, "बाई, तुमी पण काय. ता भायरचा आसा. सोवळ्यात कसा येतला?"

मला कळलं नाही. मी खरंच म्हटलं, "बाहेरून आली तर काय झालं? सगळ्या बाहेरूनच येतात. सूट घाल आणि चल."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. पॅकिंगवालीने हनुवटीने दारावरची पाटी दाखवली. "तुमीच लिवल्यात मां."

तुम्हाला हे सांगायला हवं. आमच्याकडे बाईची पाळी आली की ती 'बाहेरची' होते. तिने देवाला, चुलीला, सोवळ्यातल्या माणसाला शिवायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या दिवसांत मागच्या पडवीत कांबळ्यावर बसायचे. ताट दुरून सरकवलं जायचं. तिथे बसून मी इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या आणि मनात ठरवलं की हे घर माझ्या हातात आलं की हे बंद. आलं आणि केलं. तुमच्या आईला मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "आपल्याकडे कुणी बाहेर बसत नाही." ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल, आणि सांगताना दर वेळी माझी मान थोडी वर जायची. आणि मीच सोवळ्याची पाटी लिहिली, प्लास्टिक चढवलं, सरळ लावली. माझ्या स्वतःच्या बाबतीत तो प्रश्न कधीच संपला आहे, म्हणून सोवळं म्हटल्यावर मला फक्त आजीचा ओला पंचा आठवला. पडवी आठवली नाही.

"तू मला विचारायचं होतंस," मी म्हटलं. तेव्हाही चूक तिच्याच पदरात.

"कसं विचारणार, बाई?" ती हळू आवाजात, अगदी शुद्ध मराठीत म्हणाली. "घरी आई पाळते, तिथे मी तिच्याशी भांडते. पण तुम्ही शिकलेल्या. तुम्ही म्हणताय म्हणजे खरंच काहीतरी असेल असं वाटलं. वाफेमुळे, घामामुळे. भिंगांना काही होत असेल."

"तसं काही नाही."

"म्हणजे आत गेलं तर काहीच होत नाही?"

"नाही."

"मग इतके महिने मी..." एवढं म्हणून ती उठली आणि सूटमध्ये पाय घालू लागली. टोपी नीट बसवताना म्हणाली, "ताईंना सांगू नका." ताई म्हणजे तुमची आत्या.

पॅकिंगवाली मला म्हणाली, "माका काय फरक नाय हां बाई. आमी मासे खाणारी, आमका सोवळा म्हायतच नाय." समजूत घालायला म्हणाली असावी. मला आणखीच वाईट वाटलं. सोवळ्याची चूल जिच्या घरी कधी नव्हतीच तिने ती पाटी रोज कशी वाचली असेल, हेही माझ्या मनात आलं नव्हतं.

आत तिने सगळं व्यवस्थित केलं. टाकी आधी भिंगं न घालता नुसत्या पाण्यावर चालवून पाण्यातली हवा काढली. चांदीच्या कागदाचा तुकडा पाण्यात धरला आणि त्याला पडलेली बारीक भोकं पाहुण्यांना दाखवली, म्हणजे टाकी सगळीकडे सारखं काम करते आहे हे कळावं. बीकर सोडला, झाकण ठेवलं. पाहुण्या बाई खूश झाल्या. इकडेतिकडे बघताना त्यांना काचेच्या दारातून ती पाटी उलटी दिसली असावी. येताना त्या तिच्याजवळ थांबल्या होत्याच. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, "दारावर ते सुंदर अक्षरात काय लिहिलं आहे?"

मी म्हटलं, "इट सेज क्लीन रूम."

"लव्हली," त्या म्हणाल्या.

टाकीवरच्या मुलीला एवढं इंग्रजी कळतं. तिच्या हातातला चिमटा भिंग धरून पाण्यावर थांबला. मग तिने भिंग टोपलीत ठेवलं. खरं सांगायला मला दोन वाक्यं पुरली असती. पाहुण्यांसमोर शोभणार नाही असं मनाशी म्हटलं, पण ते तेवढंच नव्हतं. इंग्रजीत बोलताना मी नेहमीच थोडी बरी बाई असते, आणि ती मला त्या बाईंच्या डोळ्यांत तशीच राहायला हवी होती.

पाहुणे गेल्यावर मी पाटी काढली. डिंकाच्या पट्ट्यांचे चार चौकोन दारावर राहिले, ते अल्कोहोलने पुसले.

मग प्रश्न आला आत्याला सांगण्याचा. सांगू नका असं ती मुलगी म्हणाली होती. न सांगावं तर एका चांगल्या दिवसाने तिच्या गैरहजेरीचा डाग जाणार नव्हता. आत्याच्या तोंडी अजून 'भरवशाची नाही' हेच होतं. मी दोन दिवस रिक्षा केली नाही. गुडघा धरला आहे असं कळवलं. तिसऱ्या दिवशी जाऊन आत्याला म्हटलं, "तिच्या दांड्यांना माझी पाटी कारण आहे. याहून जास्त विचारू नकोस."

आत्याने विचारलं नाही. तिला कळायला वेळ लागला नाही. "मावशी," ती म्हणाली, "त्याच दाराने मी सगळे दिवस आत जात होते. तसलेही दिवस. पाटी रोज डोळ्यांसमोर होती, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही."

पावसाळा संपला आणि मुलगी कायम झाली. कणकवलीचं स्थळ परत गेलं. मी आत्याशी बोलले हे तिला कळलंच असणार, कारण त्या आठवड्यापासून तिने मला 'बाई' म्हणायचं सोडलं. आता ती 'मॅडम' म्हणते. आमच्याकडे 'बाई' शिकवणारीला म्हणतात, 'मॅडम' तहसीलदार कचेरीतल्या बाईलाही म्हणतात. बोलते अदबीनेच. विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर देते. मी तिची क्षमा मागितली तेव्हाही पूर्ण उत्तर दिलं, "काही हरकत नाही, मॅडम."

नवी पाटी लिहायला मला फार त्रास झाला. 'शुद्ध' लिहिलं, खोडलं. 'पवित्र' तर नकोच. 'निर्मळ' बरा वाटला, पण त्यालाही देवळाचा वास. जन्मभर शब्दांचं काम केलं आणि आपल्या भाषेत स्वच्छतेचा एकही शब्द असा सापडेना की ज्याच्यामागे कुणीतरी दाराबाहेर उभं नाही. निदान मला सापडला नाही. शेवटी लिहिलं, 'धूळ आत आणू नये.'

"आता बरा झाला," पॅकिंगवाली म्हणाली. "आदी देवळात कामाक इल्यासारख्या वाटायचा."

पण शब्द गेला नाही. फोन वाजला की अजून मुली आतून ओरडतात, "सोवळ्यात आसंय गो." पाटी काढता आली, हे कसं काढणार? गेल्या पंधरवड्यात एक नवी मुलगी कामाला लागली. मी बाहेर सूचनांचे कागद लावत बसले होते. आत कपडे बदलायच्या खोलीत टाकीवरची मुलगी तिला नियम सांगत होती. पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. नवी काहीतरी पुटपुटली.

"येवचा," टाकीवरची म्हणाली. "त्या दिवसात पण येवचा. पाटी वाच. काय लिवला हा?"

"धूळ आत आणू नये."

"तू धूळ आसस?"

नवी हसली. मग दोघी हसल्या. मी हातातले कागद पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतले. आत गेले असते तर हसणं थांबलं असतं.

थोरल्या, तू विचारलंस त्याचं उत्तर राहिलं. तो फोटो पाहुणे आत असतानाच आत्याने काढला. आदल्याच क्षणी मी त्यांना पाटीचा अर्थ सांगितला होता. म्हणून ती कॅमेऱ्याकडे बघत नाही.